केलेलं जुनेपण

ग्रंज पद्धतीचं एखादं भेटकार्ड कसं तयार होतं, ते आधी नीट पाहायला हवं. हातकागदाच्या जाड तुकड्यावर जेसोचा, म्हणजे पांढऱ्या अस्तराचा, एक हात द्यायचा आणि तो ओला असतानाच चुरगळलेला टिश्यू पेपर त्यावर दाबायचा; वाळला की सुरकुत्या उठून दिसतात. मग स्टेन्सिल ठेवून टेक्श्चर पेस्ट पॅलेट नाइफने ओढायची. त्यावर क्रॅकल पेस्टचा थर दिला की वाळताना भेगा पडतात. त्या कुठे पडतील हे करणाऱ्याच्या हातात नसतं. चहाचं कडक पाणी किंवा तपकिरी शाई त्या भेगांत मुरू द्यायची, वरवरची फडक्याने टिपून घ्यायची, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशवर पांढरा रंग घेऊन तो फक्त उंचवट्यांवरून फिरवायचा. एका दिवसात तो कागद पन्नास वर्षं माळ्यावर पडून राहिल्यासारखा दिसू लागतो. करणाऱ्याला हेच हवं असतं आणि घेणाऱ्यालाही. इथे एक प्रश्न उभा राहतो, तो कलेचा जितका आहे तितकाच धर्माचाही आहे. काळाने करायचं काम हाताने उरकून घेणं, न जगलेल्या वर्षांच्या खुणा वस्तूवर उमटवणं, हे खोटं आहे का? आणि खोटं नसेल, तर का नाही?

हा प्रश्न कोल्हापुरात बसून विचारण्याला अर्थ आहे, कारण झीज हा या गावात जाहीर वादाचा विषय राहिला आहे. अंबाबाईची पाषाणमूर्ती शतकानुशतकांच्या अभिषेकांनी झिजली. पाणी, पंचामृत आणि पुसण्याचे हात ही त्या झिजेची कारणं. म्हणजे भक्तीनेच तिला झिजवलं. 1955 च्या सुमारास मूर्तीला वज्रलेप झाला. पुढे मूळ मूर्तीवरचे अभिषेक थांबले. 2015 मध्ये पुरातत्त्व खात्याने रासायनिक संवर्धन केलं, तो थर निघू लागल्याच्या तक्रारी झाल्या, मूळ स्वरूप बदललं का यावर वाद झडला आणि 2024 मध्ये पुन्हा संवर्धन करावं लागलं. पंढरपुरातही भाविकांच्या पदस्पर्शाने विठ्ठलाचे पाय झिजतात आणि 2020 च्या टाळेबंदीत, मंदिर बंद असताना, तिथेही लेप दिला गेला. वज्रलेपाची कल्पना जुनीच आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त त्यासाठी एक अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णीची फळं, कच्चं कवठ, सावरीची फुलं असे जिन्नस उकळून आटवायचे, त्यात राळ-डिंक घालायचे आणि तो लेप प्रासादाला व मूर्तीला द्यायचा, असं तिथे सांगितलं आहे. तो कोटी वर्षं टिकतो, असाही दावा आहे. एकीकडे काळाला अडवणारा लेप आणि दुसरीकडे काळाची नक्कल करणारी पेस्ट. एकाच माणसाला देव्हाऱ्यात अभंग मूर्ती लागते आणि भिंतीवर भेगाळलेलं चित्र आवडतं. ही विसंगती आहे की यामागे काही सुसंगत विचार आहे, हे तपासायचं तर आधी खोटेपणा नेमका कुठे राहतो ते शोधावं लागेल.

तो पदार्थात राहत नाही, याचा पुरावा कोल्हापूरजवळच आहे. हातकणंगले तालुक्यातलं हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. चांदी नुसती ठेवली तरी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे हळूहळू काळी पडते; तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो. कारागीर 'ऑक्सिडाइज' फिनिशसाठी तीच चांदी गंधकयुक्त द्रावणात बुडवतो आणि काही क्षणांत तोच सिल्व्हर सल्फाइड तयार होतो. मग पॉलिश करताना उठावावरचा काळेपणा निघून जातो, खोलगट जागी राहतो आणि नक्षी उघडून दिसते. कार्डावर कोरड्या ब्रशने उंचवटे उजळवणं आणि भेगांत शाई ठेवणं, ही तीच युक्ती. आता आजीच्या पेटीतल्या पैंजणाचा काळेपणा आणि हुपरीत आज सकाळी केलेल्या पैंजणाचा काळेपणा रसायनाच्या दृष्टीने एकच असेल, तर एक खरा आणि दुसरा खोटा म्हणण्याचा आधार काय? आधार एकच उरतो: ती वस्तू आपल्याबद्दल काय सांगते. हुपरीचा पैंजण आपण जुने आहोत असं सांगत नाही. ऑक्सिडाइज आहे, हे विकणारा सांगतो आणि घेणारा तेच मागतो. तोच पैंजण एखाद्याने संस्थानकाळातला म्हणून विकला, तर चांदीचा एक कणही न बदलता तो खोटा होईल. खोटेपणाचं ठिकाण वस्तूचा पृष्ठभाग नव्हे, तिच्यामागचा दावा आहे.

यातून एक कसोटी काढता येते. वस्तू कशी केली हे पाहणाऱ्याला कळल्यावर तिचं काय होतं? बनावट पुराणवस्तू कळताक्षणी मरते, कारण ती न कळण्यावरच जगत होती. भेगाळलेल्या कार्डाचं उलट होतं: भेगा पेस्टने पडल्या, डाग चहाचा आहे, हे कळलं की माणूस ते पुन्हा जवळ घेऊन पाहतो. कलेच्या इतिहासात याचे नमुने आहेत. 1912 मध्ये पिकासोने एका स्थिरचित्रात वेताच्या खुर्चीचं विणकाम छापलेलं ऑइलक्लॉथ चिकटवलं. ते वेत नव्हतं, वेताची छापील नक्कल होती. पण ती नक्कल त्याने लपवली नाही, उघडपणे डकवली, आणि कोलाजची वाट तिथून मोकळी झाली. 1919 पासून जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटं, वेष्टनं, रस्त्यावरचा कचरा चित्रात आणला. आजचं मिश्रमाध्यम त्याचंच वारस आहे. कोल्हापूरपुरतं बोलायचं तर बाबूराव पेंटर आठवावेत. मूकपटांच्या काळात त्यांनी नुसत्या रंगवलेल्या पडद्यांऐवजी भरीव सेट उभे केले; सेट स्टुडिओतला आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक तो पाहत. त्या ठाऊक असण्यामुळे सेट हलका होत नसे.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा की ही कसोटी फक्त माहितीचा खोटेपणा पकडते, भावनेचा नाही. सगळं ठाऊक असूनही माणूस खोटी भावना पोसू शकतो. अठराव्या शतकात इंग्लंडच्या जमीनदारांनी आपल्या बागांत नवेकोरे पडके किल्ले बांधून घेतले. हॅग्लीच्या बागेत सँडरसन मिलरने 1740 च्या दशकात उभारलेला पडका किल्ला त्यांत नावाजलेला. तो नवा आहे हे सगळ्या पाहुण्यांना ठाऊक होतं. तरीही त्यासमोर उभं राहून हरवलेल्या काळासाठी गहिवरायचं, ही रीत होती. जो काळ आपण गमावलाच नाही त्याच्यासाठी उसासे टाकणं हा भावनेचा चैनीचा प्रकार आहे, आणि चहाने पिवळा केलेला कागद तेच स्वस्तात करतो, असं कोणी म्हटलं तर ते झटकून टाकता येणार नाही. या आक्षेपाला उत्तर द्यायचं तर, झिजलेल्या वस्तूकडे पाहताना आपण नेमकं काय पाहतो हे विचारावं लागतं.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार अलॉइस रीगल याने 1903 मध्ये स्मारकांविषयी लिहिताना एक उपयोगी भेद केला. वस्तूचं ऐतिहासिक मूल्य वेगळं आणि वयमूल्य वेगळं. ऐतिहासिक मूल्य समजायला माहिती लागते: कोणी बांधलं, कधी, का. वयमूल्याला काही लागत नाही. झिजलेली पायरी पाहून न शिकलेल्या माणसालाही कळतं की इथे पुष्कळ काळ गेला. म्हणजे वयमूल्य एखाद्या विशिष्ट भूतकाळाची बातमी देत नाही. सगळं झिजतं, एवढं एकच ते सांगतं. हॅग्लीचा किल्ला नकली भूतकाळाची बातमी देतो, म्हणून तिथली भावना उसनी ठरते. ग्रंज कार्डावर कोणत्याही घराण्याचा, राज्याचा, घटनेचा भास नसतो. भेग, डाग आणि घासलेली कड एवढंच असतं. ते ज्याविषयी बोलतं ते नव्या कागदाविषयीही खरंच आहे. उलट इथे निसर्गाने एक गंमत करून ठेवली आहे: चहातलं टॅनिन आणि आम्ल कागदाच्या धाग्यांना मारक असतं, त्यामुळे चहाने जुना केलेला कागद न रंगवलेल्या कागदापेक्षा लवकर खरोखरच जुना होतो. केलेलं जुनेपण खऱ्या जुनेपणाला घाईने बोलावून आणतं. वर्षांबद्दल तो डाग जरा आगाऊ बोलला असेल, नाशाबद्दल तो खरं तेच बोलला आहे.

रीगलच्या भेदात आणखी एक बाजू आहे, उपयोगमूल्याची. आणि देवमूर्तीचा तिढा तिथे सुटतो. वयमूल्याला डागडुजी खपत नाही, उपयोगमूल्याला डागडुजीवाचून चालत नाही. शिरोळ तालुक्यातलं खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर या दोन्हींना एका आवारात ठेवतं. शिलाहारकालीन असलेल्या या मंदिराच्या बाहेरच्या अंगाला हत्तींचा पट्टा आहे. कित्येक हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत, शिल्पांचे चेहरे छिन्न झाले आहेत. लोक त्यांच्यापुढे रेंगाळतात, फोटो घेतात, त्या भग्नतेतही त्यांना सौंदर्य दिसतं. आत गाभाऱ्यात मात्र पूजा चालते, आणि तिथे पुजाऱ्याला किंवा भक्ताला भग्नता चालणार नाही. धर्मशास्त्राची भूमिकाही अशीच आहे: सामान्य नियमाने खंडित मूर्ती पूजेला वर्ज्य, तिचं विसर्जन करावं, पण शाळिग्राम किंवा बाणलिंग यांना तोच नियम लागत नाही. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांच्या 'धर्मसिंधु'सारख्या ग्रंथांत जीर्णोद्धार हा स्वतंत्र विधीच आहे. शाळिग्राम-बाणलिंगाच्या अपवादात मोठा विचार आहे. जिथे रूप घडवून प्रतिष्ठा केली तिथे रूप तुटणं म्हणजे दिलेला शब्द तुटणं. जिथे दगड स्वतःच पूज्य मानला, तिथे त्याचं रूप हा करारच नव्हता. म्हणजे शास्त्रही तुकड्याकडे पाहून निवाडा करत नाही, त्या वस्तूने काय व्हायचं कबूल केलं होतं ते पाहतं.

जैन तत्त्वज्ञान हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे मांडतं, आणि कोल्हापुरात, जिथे लक्ष्मीसेन मठाची परंपरा आहे आणि पंचक्रोशीत जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे, ते परकं नाही. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'नुसार जे आहे त्याला उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य ही तिन्ही एकाच वेळी लागू असतात: काही उत्पन्न होतं, काही नाहीसं होतं, काही टिकतं. समंतभद्रांच्या 'आप्तमीमांसे'त याचं उदाहरण आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला. ज्याला घट हवा होता तो शोक करतो, ज्याला मुकुट हवा होता तो आनंदतो, आणि ज्याला नुसतं सोनं हवं होतं त्याला दोन्हीचं काही नाही. घटना एक, प्रतिक्रिया तीन, आणि तिन्ही रास्त. कारण वस्तूच्या तीन बाजू खऱ्या आहेत. झिजेबाबतही असंच घडतं. मूर्ती झिजताना भक्ताला शोक होतो, कारण त्याने घट मागितला होता. भेग पडताना कार्ड करणाऱ्याला आनंद होतो, कारण त्याला मुकुट हवा होता. दोघांपैकी कोणी खोटं वागत नाही. फसवणूक सुरू होते ती यांपैकी एक बाजू लपवून दुसरी पुढे केल्यावर: नवा घट जुना म्हणून विकला तर, किंवा मुकुट घडवताना घट मोडला हे सांगितलंच नाही तर.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. भेगाळलेली भिंत, उडालेला रंग, गंजलेला पत्रा यांना सुंदर म्हणणं ही, ज्यांच्या घरात तसं काही नाही त्यांची चैन आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात आणि गावोगावी शिरलं. पाणी ओसरल्यावर भिंतींवर मातकट रेषा राहिल्या, प्लास्टर फुगलं, कपाटांतली पुस्तकं लगदा झाली. त्या घरांत कोणी त्या रेषेला टेक्श्चर म्हटलं नाही. लोकांनी ती खरवडली आणि रंग दिला. ग्रंज चित्रात नेमकी हीच रेषा स्पंजने काढतात. हा आक्षेप खरा आहे, त्याचं पूर्ण उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणू नये. तरी दोन गोष्टी म्हणता येतात. पहिली: पूरग्रस्ताला घर गमावणं नको असतं; नाशाचं चित्रही त्याला नको असतं, असं त्यावरून ठरत नाही. दुष्काळ आणि मृत्यू यांवरची गाणी ज्यांनी ते भोगलं त्यांनीही गायली आहेत. दुसरी: चित्र दुःखाचा उपयोग करतं की दुःखाची सजावट करतं, हे त्याच्या दाव्यावरच ठरतं. जाहिरातीसाठी उभी केलेली गंजकी झोपडी एखाद्याची गरिबी वेशभूषा म्हणून वापरते, म्हणून ती खोटी. दिवाळीचं कार्ड गरिबीचा आव आणत नसेल, नुसता कागदाच्या नाशाबद्दल बोलत असेल, तर त्याने कोणाकडून काही हिरावलेलं नाही. सीमा अशी बारीक आहे, आणि करणाऱ्याने ती दर वेळी नव्याने तपासायची असते.

तिसरा आक्षेप नेमका उलट दिशेने येतो: नक्कल कशाला, खरं जुनं वापरा. रद्दीच्या दुकानात मोडी लिपीतले हिशेबाचे कागद, जुन्या स्टॅम्पपेपरचे तुकडे, पोथ्यांची फाटकी पानं कधीकधी मिळतात. कोलाज करणाऱ्यांना ते हवेहवेसे वाटतात, कारण त्यांवरचा पिवळेपणा कोणी केलेला नाही. इथे सगळा तर्क उलटतो. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडी दस्तऐवज जपून ठेवले आहेत, कारण त्यांतून जमिनी, वतनं, कर आणि माणसं यांचा इतिहास मिळतो. रद्दीत आलेला कागदही तसाच असू शकतो. वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. तो फाडून कार्डावर डकवला तर वयमूल्यासाठी ऐतिहासिक मूल्य मारलं जातं. हॅग्लीच्या नकली किल्ल्यासाठी जवळच्या हेल्सोवेनच्या खऱ्या मठाच्या अवशेषांतून खिडक्या काढून आणल्याचं सांगतात. खोट्या अवशेषासाठी खरा अवशेष उसवला गेला. अस्सलपणाचा मोह नकलेपेक्षा जास्त विध्वंसक ठरू शकतो. स्कॅन करून छापलेलं मोडी पान चहात बुडवणारा कारागीर या बाबतीत अस्सलाचा अधिक चांगला राखणदार असतो. 'अस्सल तेवढं नैतिक, नक्कल ती अनैतिक' हा सरळ हिशेब इथे पार कोसळतो.

मग हे सगळं करून हाती काय लागतं? टेक्श्चरकडे काळाची नक्कल म्हणून पाहणं हीच मुळात अपुरी दृष्टी आहे. चित्रकार वासुदेव गायतोंडे (1924–2001) रोलरने आणि नाइफने रंगाचे थर चढवत, खरवडत. खालचा थर वरच्यातून जाणवत राही. त्या कॅनव्हासवर कोणी 'हे जुनं दिसतं' म्हणत नाही. तिथे दिसतो तो कामाचा काळ: एक थर देणं, वाट पाहणं, काही काढून टाकणं. चांगल्या ग्रंज कार्डातही हाच काळ खरा असतो. पन्नास वर्षांचा भास हा त्याचा अलंकार. सहा थर, दोनदा घासलेला पृष्ठभाग आणि झाकली गेलेली छपाई हे त्याचं खरं वय. जे कार्ड फक्त भास विकतं, एकाच छापील डागाचा कागद शंभरदा चिकटवून, त्यात कामाचा काळ नसतो. ते खोटं नसलं तरी पोकळ असतं, आणि कळल्यावर ते मरत नाही, नुसतं कंटाळवाणं होतं. आपल्या कसोटीत म्हणून एक दुरुस्ती करायला हवी: खोटं ते कळल्यावर मरतं, पोकळ ते कळल्यावर विझतं, आणि खरं ते कळल्यावर वाढतं.

ही कसोटी मान्य केली तर तिचे परिणामही मान्य करावे लागतात, आणि ते देवळापासून कार्डाच्या स्टॉलपर्यंत सारखेच आहेत. मूर्तीला लेप द्यावा की नाही, यावर धर्म आणि विज्ञान आपापली बाजू मांडतील. पण कोणता लेप दिला, कुठे दिला, त्याआधी मूर्ती कशी होती, याची छायाचित्रांसह नोंद प्रत्येक भक्ताला पाहता आली पाहिजे. तसं झालं तर संवर्धन हे फसवणूक न वाटता सेवेचा भाग वाटेल, कारण भक्ताने घट मागितला होता आणि घट राखला जातो आहे, हे त्याला दिसेल. कार्ड करणाऱ्यानेही मागच्या बाजूला दोन ओळी लिहाव्यात: जुना कागद खरा की छापील, डाग कशाचा, काय फाडलं आणि काय नाही. विकणाऱ्याने 'अँटिक' हा शब्द वापरायचा तर वय सांगावं, नाहीतर तो शब्द सोडून द्यावा. हातांनी आणलेल्या जुनेपणावर धर्माची हरकत नाही. कोणाच्या अज्ञानावर ते उभं केलं असेल, तर आहे. जिथे सांगायला संकोच वाटतो तिथे करणाऱ्याने थांबून विचारावं की आपण नेमका कोणता दावा करत होतो. बहुतेक वेळा उत्तर त्या संकोचातच मिळतं.